रोझची मुलगी ॲशली: कागदावर नसलेल्या बाईचं घराणं कसं शोधतात?

पेट किंवा नेटची तयारी करताना रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी आपण सगळेच काही शब्द पाठ करतो. प्राथमिक स्रोत, दुय्यम स्रोत, व्हॅलिडिटी, रिलायबिलिटी, सॅम्पलिंग बायस. व्याख्या येतात, चार पर्यायांतला बरोबर पर्यायही ओळखता येतो. पण प्रत्यक्ष पुरावा हातात आला की त्याच्यावर किती वजन टाकायचं, हे त्या व्याख्यांमधून कळत नाही. माझं स्वतःचं काम विज्ञान शाखेतलं आहे, तरीही ही गोष्ट मला सगळ्यात चांगली कळली ती इतिहासातल्या एका शोधामुळे. म्हणून आज पिपेट आणि ग्राफ बाजूला ठेवून तो शोध सांगते.

प्रश्न असा आहे. अमेरिकेत १८४०च्या दशकात जन्मलेली एक साधी बाई. राणी नाही, लेखिका नाही, कुणा मोठ्या माणसाची बायको नाही. तिची आई कोण, मुलं कोण, ती राहायची कुठे, हे आज शोधायचं असेल तर कसं शोधाल? लेखात अशा दोन बायका येतील. एक गुलामगिरीत जन्मलेली, आणि शेवटी दुसरी एक, जिचं नाव मराठी वाचकाला बहुतेक माहीत असतं. जास्त वेळ पहिलीवर घालवणार आहे, कारण खरी कसोटी तिथेच लागते.

२००७ साली टेनेसी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी, जुन्या सामानाच्या उघड्यावरच्या बाजारात, चिंध्यांच्या ढिगात एका बाईला एक सुती पोतं मिळालं. पिठासाठी किंवा बियाण्यासाठी वापरतात तसं. तिने वीस डॉलरला ढीग घेतला. पोत्यावर दोऱ्याने दहा ओळी भरलेल्या होत्या. त्यातला मजकूर साधारण असा: माझी पणजी रोझ ही ॲशलीची आई. ॲशली नऊ वर्षांची असताना साउथ कॅरोलायनात विकली गेली, तेव्हा आईने तिला हे पोतं दिलं. आत एक फाटका झगा, तीन मुठी पेकन आणि रोझच्या केसांची एक वेणी होती. यात माझी माया कायम भरलेली राहील, असं आईने सांगितलं. त्या दोघींची पुन्हा भेट झाली नाही. ॲशली माझी आजी. खाली नाव रूथ मिडलटन आणि साल १९२१.

बस्स, एवढाच डेटा. तीन पहिली नावं, एक आडनाव, एक राज्य, एक वय, एक साल. (पेकन म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं एक अमेरिकन फळ. त्याच्याकडे नंतर येऊ, कारण ते वाटतं त्यापेक्षा खूप जास्त बोलतं.)

आता कुणीही आधी काय करेल? आडनाव शोधेल. पोतं ज्या बाईला सापडलं तिनेही तेच केलं. चार्ल्सटनजवळ ॲशली नदीच्या काठी मिडलटन प्लेस नावाची एक जुनी जमीनदारी आहे, आज तिथे संग्रहालय आहे. आडनाव मिडलटन, नदीचं नाव ॲशली, राज्य साउथ कॅरोलायना. सगळं कसं छान बसतंय! पोतं तिथे पोचलं, आणि त्यामुळे जपलं गेलं हे चांगलंच झालं. पण पुरावा म्हणून ही जुळणी जवळजवळ कामाची नाही. मिडलटन हे रूथचं लग्नानंतरचं आडनाव. म्हणजे ते तिच्या नवऱ्याच्या घराण्याचं टोक आहे, आणि पोत्यावरची गोष्ट तर तिच्या आजीची. बाईचा माग काढताना आडनाव हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा धागा असतो. आपल्याकडे माहेर-सासर हे शब्द रोजच्या बोलण्यातले असल्याने हा मुद्दा आपल्याला पटकन कळतो. सर्च बॉक्सला मात्र तो कळत नाही.

मग सरकारी कागद बघू. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि जुने तक्ते आज ऑनलाइन बघता येतात. हे ऐकून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण तो प्रत्येक तक्ता कशासाठी भरला होता ते बघावं लागतं. १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकी माणसं म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. बाई विधवा होऊन स्वतः घर चालवत असेल तरच तिचं नाव दिसण्याची शक्यता. १८५० मध्ये पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. त्यात मालकाचं नाव असायचं आणि त्याच्या खाली ओळीने वय, लिंग, वर्ण. नाव नाही. म्हणजे १८५० च्या तक्त्यात ॲशली असलीच तर 'स्त्री, वय अमुक' अशी एक ओळ म्हणून असणार, आणि तशा ओळी राज्यभर हजारो आहेत.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. त्यानंतरची पहिली जनगणना १८७० ची. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची नावं सरसकट तिथे पहिल्यांदा येतात. त्यामुळे आफ्रिकन अमेरिकन घराण्यांचा शोध घेणारे लोक १८७० ला भिंत म्हणतात. भिंतीच्या अलीकडे आई-वडील, गाव, आडनाव मिळत जातं. पलीकडे गेलात की माणसाचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी मालमत्तेच्या कागदात शोधावं लागतं. आणि 'मालमत्तेच्या कागदात' हे मी अलंकार म्हणून म्हणत नाहीये, शब्दशः म्हणतेय.

सरकारला किंवा मालकाला जिथे पैशाचा संबंध आला तिथेच या माणसांची नोंद झाली. मालक मेला की कोर्टासाठी त्याच्या मालकीच्या सगळ्या गोष्टींची यादी व्हायची. खुर्च्या, घोडे, चांदीची भांडी, माणसं. माणसांची नावं लिहायची गरज इथे पडायची, कारण प्रत्येकापुढे डॉलरमध्ये किंमत टाकायची असे आणि वारसांमध्ये वाटणी करायची असे. विक्रीचे करार, गहाणखतं, मृत्युपत्रं यांचंही तेच. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं होतं: ज्या प्रसंगाने एक कुटुंब तोडलं, त्याच प्रसंगाने त्या कुटुंबाचा एकमेव लेखी पुरावा तयार केला.

आणखी एक उलटी गोष्ट. तिथल्या कायद्यात मूल आईच्या दर्जाचं मानलं जाई. आई गुलाम तर मूल गुलाम. म्हणून जमीनदारीच्या जन्मनोंदींमध्ये आईचं नाव असतं आणि बापाचं अनेकदा नसतं. स्वतंत्र गोऱ्या बाईचा माग काढताना तिचं माहेर हरवतं, आणि गुलामगिरीतल्या बाईच्या बाबतीत आईकडचा धागाच कधीकधी जास्त टिकतो. अर्थात हा काही कुणाच्या मायेचा परिणाम नव्हे. मूल कुणाच्या मालकीचं हे ठरवायला आई माहीत असणं मालकाला पुरेसं होतं.

आता शोधाकडे. मार्क ऑसलँडर या मानववंशशास्त्रज्ञाने या पोत्याचा माग काढला आणि २०१६ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. नंतर टाया माइल्स या इतिहासकार बाईंनी त्यावर पूर्ण पुस्तक लिहिलं, ज्याला २०२१ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. दोघांनीही साउथ कॅरोलायनातल्या मालमत्तेच्या नोंदी चाळल्या. रोझ हे नाव तिथे मुबलक. रोझ शोधणं म्हणजे आपल्याकडे जुन्या नोंदीत 'लक्ष्मी' शोधण्यासारखं. पण ॲशली? आज अमेरिकेत हे मुलीचं नाव वाटतं, तेव्हा ते मुख्यतः आडनाव, नदीचं नाव, फार तर पुरुषाचं नाव होतं. मुलीचं नाव म्हणून ते अगदी मोजक्या ठिकाणी सापडतं. म्हणून शोधाचा मोहरा रोझ नव्हे, ॲशली.

आणि मग एका माणसाच्या कागदांत दोन्ही नावं मिळाली. रॉबर्ट मार्टिन, चार्ल्सटनचा श्रीमंत व्यापारी. शहरात मोठं घर, आणि आत बार्नवेल भागात मिलबेरी प्लेस नावाची जमीनदारी. तो डिसेंबर १८५२ मध्ये मेला. त्याच्या मालमत्तेच्या याद्यांमध्ये चार्ल्सटनच्या घरात एक रोझ आहे आणि दूरच्या जमीनदारीवर एक ॲशली आहे.

इथे थांबा. तुम्ही रिव्ह्यूअर असाल तर हा दावा पास कराल का? 'दोन नावं एका मालकाकडे सापडली, म्हणून हीच ती आई आणि हीच ती मुलगी.'

साधं गणित करून बघू. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी मनाने घेतलेत, खऱ्या नोंदींचे नाहीत. समजा १,००० याद्या टिकून आहेत. दर १० याद्यांत एकीत तरी रोझ आहे. दर ५०० याद्यांत एकीत ॲशली आहे. दोन्ही नावं एकमेकांशी संबंध नसताना, निव्वळ योगायोगाने एकाच यादीत येण्याची अपेक्षित संख्या: १,००० गुणिले एक दशांश गुणिले एक पाचशेअंश, म्हणजे ०.२. याचा अर्थ, आपल्या रोझ-ॲशलीशी काही संबंध नसलेली अशी किमान एक जोडी नुसत्या योगायोगाने सापडण्याची शक्यता जवळपास १८ टक्के. तुमच्या प्रयोगात पी-व्हॅल्यू ०.१८ आली तर गाईड काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे.

शिवाय एक गोम आहे. श्रीमंत माणसाची यादी लांब असते. लांब यादीत कुठलीही दोन नावं सापडण्याची शक्यता आपोआप वाढते. मार्टिन श्रीमंत होता. म्हणजे 'दोन्ही नावं सापडली' या गोष्टीचं वजन छोट्या शेतकऱ्याच्या पाच-सहा नावांच्या यादीत जेवढं असतं तेवढं इथे नाही. नावांची जुळणी शोधणारे नवशिके लोक हे हमखास विसरतात, आणि डेटाबेसमध्ये शोधणारे आपण सायन्सवालेही विसरतो. लांब जीनोममध्ये छोटा सिक्वेन्स शोधला की तो कुठेतरी सापडतोच, तसं.

मग हा दावा उभा कशावर राहतो? इतर, स्वतंत्र अटींवर. पहिली अट काळाची. रूथचा जन्म साधारण १९०३ चा. तिच्या आजीची नऊ वर्षांची असतानाची विक्री म्हणजे ढोबळमानाने १८३५ ते १८६५ मधली घटना. मार्टिनच्या मृत्यूनंतरची वाटणी त्या चौकटीत नेमकी बसते. ॲशली १८५२-५३ मध्ये नऊ वर्षांची असेल तर तिचा जन्म १८४३-४४ च्या आसपास, आणि नात १९०३ ची, हे वयाच्या हिशोबात सहज शक्य आहे. दुसरी अट प्रसंगाची. गुलाम माणसं विकली जाण्याचा एक ठरलेला प्रसंग म्हणजे मालकाचा मृत्यू. तिसरी अट अंतराची. आई शहरात, मुलगी दूर जमीनदारीवर. निरोपाची गोष्ट घडायला अशी जागा लागते. या अटी जुळवून घेण्यासाठी ऑसलँडरने पोत्यावरची गोष्ट कुठेही वाकवलेली नाही. म्हणून मी म्हणेन, हा सगळ्यात चांगला उमेदवार आहे. पण 'सगळ्यात चांगला उमेदवार' आणि 'सिद्ध' यांत फरक आहे. यादीत 'रोझची मुलगी ॲशली' असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. ॲशलीच्या विक्रीची पावती हाती आलेली नाही. आणि ज्या याद्या जळाल्या, हरवल्या, त्यांतल्या एखादीत दुसरी रोझ आणि दुसरी ॲशली नव्हती असं कुणी सांगू शकत नाही. हाच तो सर्व्हायव्हल बायस, जो आपण एका मार्काच्या प्रश्नासाठी पाठ करतो.

दोन्ही संशोधकांच्या लिखाणात मला आवडलेली गोष्ट म्हणजे 'बहुधा' आणि 'शक्य आहे' हे शब्द त्यांनी लाजून खाली तळटिपेत ढकलले नाहीत. ते वाक्यातच आहेत.

आता पेकनकडे येऊ. मी हा भाग वाचताना सर्वात रमले. पेकनचं झाड मूळचं मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं आणि टेक्सासकडचं. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ते मुळात वाढत नाही. आज तिथे पेकनच्या बागा आहेत, पण १८५० च्या सुमारास चार्ल्सटनमध्ये पेकन म्हणजे बाहेरून आलेला, श्रीमंतांच्या टेबलावरचा जिन्नस. (लुइझियानातल्या अँटवान नावाच्या एका गुलाम माळ्याने त्याच सुमारास, १८४० च्या दशकात, पेकनची यशस्वी कलमं बांधली. पुढच्या सगळ्या व्यापारी लागवडीची सुरुवात तिथून होते. त्याचंही आडनाव आपल्याला माहीत नाही.) मग जिच्याजवळ मुलीला द्यायला फक्त फाटका झगा आहे, त्या आईकडे तीन मुठी पेकन आले कुठून? टाया माइल्स यावरून असा अंदाज बांधतात की रोझचा वावर घरातल्या कोठीत, स्वयंपाकघरात असावा. हा अंदाज मार्टिनच्या शहरातल्या घराशी जुळतो. शेतावर राबणाऱ्या बाईपेक्षा श्रीमंत घरात काम करणाऱ्या बाईच्या हाती पेकन लागणं सोपं. बघा, वनस्पतिशास्त्रातली एक साधी गोष्ट, झाडाचा मूळ प्रदेश, इथे साक्षीदार होते. आणि तीही मालकाच्या यादीपासून पूर्ण स्वतंत्र साक्षीदार, म्हणून तिचं वजन जास्त.

पण उलटतपासणी इथेही करायची. 'पेकन' हा शब्द १९२१ मध्ये लिहिलाय, घटना आहे साधारण सत्तर वर्षांपूर्वीची. तोवर दक्षिणेत पेकन सर्रास मिळायला लागले होते. ॲशलीच्या पोत्यात मुळात दुसरंच काही असेल आणि सांगता सांगता त्याचे पेकन झाले असतील, हे अशक्य नाही. घराण्याच्या इतिहासात प्रत्येक माहितीसाठी एक प्रश्न विचारायचा असतो: हे सांगणारा माणूस त्या वेळी तिथे होता का? उदाहरणार्थ मृत्यूचा दाखला. मृत्यूची तारीख आणि कारण यासाठी तो चांगला पुरावा, कारण माहिती तेव्हाच, तिथेच घेतली. त्याच दाखल्यावरच्या जन्मतारखेसाठी आणि आईच्या नावासाठी मात्र तो कच्चा पुरावा, कारण ते सांगणारा जावई किंवा शेजारी जन्माच्या वेळी हजर नव्हता. एकच कागद, अर्धा प्राथमिक आणि अर्धा दुय्यम. मेथडॉलॉजीच्या पुस्तकात स्रोतांची दोन खात्यांत विभागणी करून दाखवतात ती म्हणूनच मला अपुरी वाटते. विभागणी कागदाची नसते, त्यातल्या एकेका विधानाची असते.

रूथ तिथे नव्हती. तिने ऐकलं. आजीकडूनच ऐकलं असेल का? वयाच्या हिशोबाने शक्य आहे. रूथ जन्मली तेव्हा ॲशली असलीच तर साठीची. की आईकडून ऐकलं? रूथच्या बाजूने कागद बरेच मिळतात, कारण आता आपण १८७० च्या भिंतीच्या अलीकडे आहोत. ती माहेरची रूथ जोन्स, जन्म कोलंबिया शहरातला, आई रोझा, वडील ऑस्टिन. दक्षिणेतले लाखो काळे लोक त्या काळात उत्तरेकडच्या शहरांत जात होते, तशी तीही फिलाडेल्फियाला गेली. १९१८ मध्ये तिथे आर्थर मिडलटनशी लग्न, १९१९ मध्ये मुलगी. १९२१ मध्ये पोत्यावरच्या ओळी. म्हणजे मांडीवर दोन वर्षांची मुलगी असताना तिने आजीची गोष्ट दोऱ्याने लिहिली. पुढे तिथल्या काळ्या समाजाच्या वर्तमानपत्रात, पार्ट्या आणि भेटीगाठींच्या बातम्यांत तिचं नाव दिसतं. १९४२ मध्ये क्षयाने गेली.

रूथच्या आईचं नाव रोझा, हे लक्षात आलं ना? रोझ आणि रोझा. पणजीचं नाव नातीला दिलं असं म्हणायचा मोह होतो. पण आधी म्हटलं तसं, रोझ आणि त्याच्यासारखी नावं मुबलक होती. मोह आवरावा. रोझा ही ॲशलीचीच मुलगी, की ऑस्टिन हा ॲशलीचा मुलगा, हे दाखवणारा कागद नाही. १८५३ ची यादी आणि रूथचा जन्म यांच्यामध्ये पन्नास वर्षांची पोकळी आहे, आणि ॲशलीचं बाईपण, बाळंतपणं, म्हातारपण सगळं त्या पोकळीत आहे.

अशी पोकळी भरायला काय काय वापरता येतं? एक, १८६५ ते १८७४ या काळात चाललेली फ्रीडमन्स बँक. मुक्त झालेल्या लोकांसाठीची ही बँक शेवटी बुडाली आणि गरिबांची बचत घेऊन बुडाली, पण खातं उघडताना ओळख पटावी म्हणून त्यांनी आई, बाप, भावंडं, कधी जुन्या मालकाचंही नाव लिहून घेतलं होतं. ते कागद टिकले. दोन, वर्तमानपत्रांतल्या 'माहिती हवी आहे' छापाच्या जाहिराती. युद्ध संपल्यावर पुढची कित्येक वर्षं लोक आपल्या विकल्या गेलेल्या आईचा, मुलीचा ठावठिकाणा विचारत जाहिराती देत होते: अमक्याने मला अमक्या साली विकलं, आईचं नाव हे, कुणाला माहीत असेल तर कळवा. ओळीओळीत घराणं आहे. तीन, यादवी युद्धातल्या सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनच्या फायली. गुलामगिरीत लग्नाला कायदेशीर मान्यताच नव्हती, मग विधवेने लग्न सिद्ध कसं करायचं? १८६४ च्या कायद्याने साक्षीदारांच्या जबानीवर ते मान्य करायची सोय केली. त्यामुळे या फायलींत शेजारणी, सुईणी, जुने सोबती यांच्या जबान्या सापडतात. ज्यांना लिहिता येत नव्हतं अशा बायकांचं बोलणं कारकुनाच्या हातून का होईना, कागदावर आलं.

या सगळ्यात एक युक्ती सामायिक आहे. बाई सापडत नसेल तर तिच्या आसपासची माणसं शोधा. एलिझाबेथ शोन मिल्स या वंशावळ-अभ्यासक बाईंनी मित्र, सोबती आणि शेजारी अशी त्रिसूत्री रूढ केली. जनगणनेच्या तक्त्यात तुमच्या घराच्या वरची पाच आणि खालची पाच घरं वाचा, लग्नाचे साक्षीदार कोण ते बघा, जमीन शेजारी कुणाची ते बघा. नेटवर्क ॲनालिसिस करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

'मग डीएनए का नाही?' हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेते. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून मुलांना मिळतो आणि पुढे फक्त मुलींकडून जातो. म्हणजे आडनावाच्या बरोबर उलट्या वाटेने. बाईच्या घराण्याचा शोध घेणाऱ्याला हे वरदानच वाटतं. अडचण अशी की तो इतका हळू बदलतो की पाच पिढ्यांपूर्वीची सामायिक पणजी आणि पन्नास पिढ्यांपूर्वीची यांत फरक करणं त्याला अनेकदा जमत नाही. दोन माणसं एका माय-साखळीतली नाहीत हे तो छान सांगतो. नातं नेमकं कोणतं ते नाही. त्यासाठी बाकीच्या गुणसूत्रांवरची जुळणी लागते, जिवंत वंशज लागतात, आणि शेवटी नावं कागदावरूनच यावी लागतात.

आता दुसरी बाई. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल गावी ज्यांच्याकडे उतरल्या, त्या कार्पेंटर मावशी. मिशनऱ्यांच्या मासिकात छापलेला पत्रव्यवहार वाचून त्यांनी आपणहून आनंदीबाईंना पत्र लिहिलं होतं. त्या गोऱ्या, स्वतंत्र, खाऊनपिऊन सुखी घरातल्या. रोझ-ॲशलीच्या तुलनेत कागदांची काही कमी नसावी असं वाटतं. पण त्यांच्या काळातल्या छापील मजकुरात त्या 'मिसेस बी. एफ. कार्पेंटर' आहेत. बी. एफ. ही आद्याक्षरं नवऱ्याची. त्यांचं स्वतःचं नाव थिओडिशिया की थिओडोशिया, स्पेलिंगच दोन-तीन तऱ्हांचं सापडतं. आनंदीबाईंशी संबंध आला नसता तर ही बाई एका गावच्या तक्त्यातली एक ओळ होऊन राहिली असती.

आणि म्हणूनच सरावासाठी त्या उत्तम. ज्यांना खरंच करून बघायचंय त्यांनी फॅमिलीसर्च या साइटवर फुकट खातं काढावं आणि १८८० च्या जनगणनेत रोझेलपासून सुरुवात करावी. ही जनगणना सोयीची, कारण कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे तिच्यात पहिल्यांदा विचारलं गेलं. त्याआधीच्या तक्त्यात बायको, बहीण, मोलकरीण सगळ्या नुसत्या नावाने एकाखाली एक. आई-वडील कुठे जन्मले हाही रकाना आहे, त्यावरून माहेरचं राज्य कळतं. स्पेलिंगवर विसंबू नका. साउंडेक्स नावाची पद्धत आडनावाचं पहिलं अक्षर ठेवून पुढच्या व्यंजनांना अंक देते, म्हणजे कार्पेंटर होतं सी-६१५, आणि मधले स्वर कुणी कसेही लिहिले तरी ते त्याच खणात पडतं. मात्र पहिलंच अक्षर प्रगणकाने सी ऐवजी के ऐकलं असेल तर खण बदलतो, तिकडेही बघा. १८९० शोधण्यात वेळ घालवू नका. वॉशिंग्टनमध्ये जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीत त्या जनगणनेचा बहुतेक भाग गेला. (हो, तेच साल. सरकारी इमारतीतले कोट्यवधी नावांचे तक्ते खराब झाले त्या वर्षी फिलाडेल्फियात रूथ तीन नावं पोत्यावर टाके घालून लिहीत होती.) १९०० च्या तक्त्यात बायकांना दोन आकडे विचारलेत: किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात. या दोन आकड्यांमधला फरक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. जन्मनोंदी नसलेल्या राज्यांत गेलेल्या मुलांचा तो एकमेव माग असू शकतो.

आणि एक धागा मी तुमच्यासाठी मोकळा सोडते. आनंदीबाईंचं निधन १८८७ मध्ये पुण्यात झालं. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि मावशींनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. पण ती जागा रोझेलमध्ये नाही, न्यू जर्सीतही नाही. ती आहे न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावी. न्यू जर्सीत संसार करणाऱ्या बाईच्या कुटुंबाची जागा दुसऱ्या राज्यात का? ती जागा सासरची की माहेरची? त्या जागेतल्या बाकीच्या दगडांवरची आडनावं आधी उतरवून घ्या, आणि मग त्यांतलं एकेक आडनाव घेऊन पोकीप्सीच्या परिसरातली १८५० ची जनगणना उघडा.